साडेआठशेचा स्टेथो : आठ महिन्यांनंतर

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची वॉर्डातली पोस्टिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सर्जिकलच्या दुकानातून साडेआठशे रुपयांचा साधा, दोन बाजूंचा स्टेथो, म्हणजे स्टेथोस्कोप, घेतला. दुकानदार महागडा कार्डियॉलॉजीवाला पुढे करत होता, पण मेसचं बिल त्याच पैशांतून भागवायचं होतं. मेडिसिन, सर्जरी आणि मुलांचा वॉर्ड धरून आता आठ महिने झाले. हा घ्यायचा का, असं ज्युनियर मुली रोज विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिले चार दिवस काहीच ऐकू येईना. स्टेथोच भिकार निघाला, असं मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा. मग इन्चार्ज सिस्टरनी एक शब्द न बोलता तो माझ्या कानातून काढला आणि उलटा करून पुन्हा घातला. कानातली टोकं नाकाच्या दिशेने झुकलेली हवीत; माझी मागे होती. शिवाय स्टेथोचं डोकं फिरवल्यावर बेल (वाटीसारखी लहान बाजू) उघडी आहे की डायफ्रॅम (पडद्याची सपाट बाजू), हे हलकी टिचकी मारून बघायचं असतं. तेही तेव्हाच कळलं.

बीपीची गोष्ट जरा लाजिरवाणी. एका काकांचं मी १४०/९० लिहिलं, सिस्टरना वरचं १७८ मिळालं. मी नाडी न धरता कफ (दंडाला बांधायचा पट्टा) सरळ १६० पर्यंत फुगवला होता. काही रुग्णांत वरचा आवाज सुरू होऊन मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा उगवतो. मी नेमकी त्या शांततेत उतरले होते. कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये सांगितलेले हे आवाज पुस्तकात ओळीने येतात, काकांच्या दंडात येतीलच असं नाही. आता मनगटाची नाडी धरून कफ फुगवते, नाडी लागेनाशी झाली की आणखी ३० वर नेते आणि सेकंदाला २-३ मिलिमीटरने उतरवते. कफ लहान पडला तर बीपी खोटंच जास्त येतं. आमच्या वॉर्डात मात्र काडीसारख्या आजीला आणि पैलवानाला एकच कफ! त्याला स्टेथो काय करणार?

छातीला हा स्टेथो पुरून उरतो. क्रेप्स, म्हणजे श्वास घेताना फुफ्फुसात येणारे बारीक चरचर आवाज, कसे असतात हे समजायला मॅडम कानाजवळ केसांची बट बोटांत चोळायला लावतात. ते इतकं डोक्यात बसलं की एका केसाळ छातीच्या आजोबांना मी दोन्ही बाजूंना क्रेप्स लिहून मोकळी झाले. डायफ्रॅमखाली केस घासत होते, बाकी काही नाही. आता नीट दाबून धरते आणि आधी खोकायला सांगते. खोकल्याने आवाज बदलला तर तो बहुतेक छातीतल्या कफाचा. डॉक्टरांच्या कागदावर न्यूमोनिया असतो, आमच्या केअर प्लॅनमध्ये (नर्सिंगच्या काळजीच्या आराखड्यात) ‘कफ सुटत नसल्याने श्वासमार्ग मोकळा राहत नाही’. ते वाक्य मी बरेच दिवस पाठ करून लिहायचे. वाफेच्या आधी आणि नंतर त्याच जागी ऐकायला लागल्यापासून ते रुग्णाकडे बघून लिहिता येतं.

पोट आधी बघायचं, मग ऐकायचं, ठोकणं आणि दाबणं नंतर, कारण हात लावला की आतड्यांचे आवाज बदलतात. आवाज नाहीत असं लिहिण्याआधी पाच मिनिटं ऐकायचं. वॉर्डात पाच मिनिटं म्हणजे काय, हे डोक्यावर खडखडणारा पंखा आणि शेजारच्या बेडचे सहा नातेवाईक यांनाच विचारा.

डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या आधी छातीवर पूर्ण एक मिनिट ठोके मोजायला हा स्टेथो उत्तम. एका मावशींची मनगटाची नाडी ७४ आणि छातीवर ९६ निघाली. मी छातीवर, मैत्रीण मनगटावर, घड्याळ एकच. अनियमित ठोक्यांचा हा फरक आम्हाला साडेआठशेतच मिळाला.

तक्रारी आहेतच. कानातली टोकं कडक, तासाभरात कान दुखतात. मऊ सिलिकॉनची बसवून घेतली. घामेजल्या गळ्यात अडकवून ठेवल्याने नळी कडक होत चालली आहे, म्हणून आता ॲप्रनच्या खिशात. धातूची कड थंडगार असते. मुलांच्या वॉर्डात आधी तळहातात धरून ऊब द्यावी लागते. तान्ह्या बाळांना डायफ्रॅम मोठाच पडतो, तिथे लहान डोक्याचा वेगळा हवा. बारीक मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला फुसफुसता आवाज) यात येत नाही, असं मी म्हणत होते. एका रेसिडेंट सरांनी स्वतःचा महागडा दिला, त्यातही मला ती आली नाही.

घ्यायचा का? घ्या. मऊ टोकं त्याच दिवशी मागून घ्या आणि नळीवर चिकटपट्टी लावून ठळक नाव लिहा. ‘जरा दे गं, दोन मिनिटांत आणतो’ म्हणून एक इंटर्न माझा घेऊन गेलाय. सकाळचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) झाले, दुपारचे होत आले.