दहा मिनिटांचं ध्यान: आठ महिन्यांनंतर

सुरुवात मी मोठ्या थाटात केली होती. पहाटे ५ चा गजर, ४५ मिनिटं ध्यान, मग सूर्यनमस्कार, मग डायरी. हा थाट ११ दिवस टिकला. बाराव्या दिवशी गजर बंद केला आणि पुढचे तीन आठवडे त्या विषयाकडे फिरकलेसुद्धा नाही.

४५ मिनिटं हा आकडा मी ध्यानशिक्षक जॉन काबाट-झिन यांच्या, ध्यानातून ताण कमी करायला शिकवणाऱ्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून उचलला होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९७९ मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम. पण तिथे शिकवणारे असतात, सोबत बसणारे असतात. मी एकटीच, तेही झोपमोड करून. उसनं वेळापत्रक अंगाला बसलं नाही.

दुसऱ्या खेपेला फक्त १० मिनिटं ठेवली आणि वेळ घड्याळावर नाही, दात घासण्यावर बांधली. तोंड पुसलं की थेट आसनावर. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग झाला असेल तर तो याचाच. उशिरा उठले तरी दात घासतेच, त्यामुळे ध्यानही होतं.

ध्यानाचं ॲप मात्र दुसऱ्या महिन्यात काढून टाकलं. सलग किती दिवस झाले याचा आकडा ते रोज नाचवायचं, आणि एक खाडा झाला की शून्य! त्या शून्याने मी इतकी खट्टू झाले की पुढचे चार दिवसही बसले नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. हे वाचल्यावर जीव भांड्यात पडला. आता साधा गजर लावते, मंद आवाजाचा.

मांडी घालून बसलं की सातव्या मिनिटाला पायाला मुंग्या यायच्या. घोंगडीची घडी बुडाखाली घेतली, कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर आली आणि त्रास निम्म्यावर आला. पाठ धरली असेल त्या दिवशी सरळ खुर्चीत बसते. त्यात कमीपणा नाही. डुलकी लागायला लागली तर डोळे अर्धे उघडे ठेवते.

पद्धत साधी आहे: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. उच्छ्वासात हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून तो लांबवायचा. मन रिकामं होतं का? अजिबात नाही. आजच्या कामांची यादी, परवाचं भांडण, सगळं हजेरी लावून जातं. ‘अरे, भरकटले’ हे कळणं आणि परत श्वासावर येणं, हाच व्यायाम आहे हे कळायला मला तीन महिने लागले. तोवर मी स्वतःला नापास करत होते.

पाचवा महिना वाईट गेला. घरात काळजीचं कारण होतं आणि डोळे मिटले की छातीत धडधड वाढायची. ध्यानाने काहींची अस्वस्थता वाढते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा बसणं सोडून दहा मिनिटं चालले, पावलं मोजत. समुपदेशकाकडेही गेले. त्या महिन्यात हट्टाने बसून राहिले असते तर हा अनुभव लिहायला मी उरलेच नसते, म्हणजे ध्यान कायमचं सोडलं असतं.

फरक काय? झोप जवळपास तशीच आहे. पाठदुखीही आहे, तिला व्यायामच लागतो. रागात मात्र फरक पडलाय. चिडून लिहिलेलं उत्तर आता लगेच पाठवत नाही. ठेवून देते, तासाभराने त्यातलं निम्मं खोडते. हे माझ्याआधी घरच्यांच्या लक्षात आलं.

डायरी तिसऱ्या पानावरच थांबली आहे. हल्ली अधूनमधून वाटतं, दहाची पंधरा मिनिटं करावीत. अजून तरी केलेली नाहीत.