होमस्टेला जनरेटर बसवून घेतला त्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा रिव्ह्यू (दापोली)

जनरेटर कुठला घेतलात ते सगळे विचारतात, किर्लोस्कर का महिंद्रा का कमिन्स, पण बसवला कुणी हे कोण विचारत नाही. म्हणून हा रिव्ह्यू मशीनचा नाहीये, आमच्याकडे वायरिंग, पॅनल, अर्थिंग सगळं ज्याने केलं त्या लायसनवाल्या कंत्राटदाराचा आहे. नाव टाकू नका असं त्यानेच सांगितलंय, आहेत तीच कामं उरकत नाहीत म्हणे.

आमचा होमस्टे दापोली तालुक्यात समुद्राजवळ आहे, सहा खोल्या, सहाही एसी, थ्री फेज मीटर, बोअरला ३ एचपीचा सबमर्सिबल आणि किचनमध्ये माशांचा डीप फ्रीझर. निसर्ग वादळात (३ जून २०२०) खांबच्या खांब आडवे झाले आणि इकडच्या कितीतरी वाड्यांना आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, ते सोडा, एरवीसुद्धा पावसाळ्यात एक फांदी पडली की गेली लाईट आणि आली तरी दोनच फेज येणार. इन्व्हर्टरवर पंखे चालतात हो पण पाणी कुठून चढवायचं.

डीलरला फोन केला तर त्याने खोल्या किती एवढंच विचारलं आणि म्हणाला ३० केव्हीए (जनरेटरची ताकद केव्हीएत सांगतात) घ्या, डोळे झाकून. हा कंत्राटदार मात्र आला तो क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजतात तो) घेऊन आणि अख्खी सकाळ एकेक वस्तू चालू करायला लावून वहीत अँपिअर लिहीत बसला. मी चहा दोनदा गरम केला, याचं लक्ष नाही. शेवटी म्हणाला, वहिनी, तुमचे सहा गिझरच १२ किलोवॅट खातायत, ते जनरेटरवर घेऊच नका, लाईट गेल्यावर गॅस गिझर वापरा, मग उरलेल्याला २० केव्हीए भरपूर. २० केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८ धरून १६ किलोवॅट, थ्री फेजला साधारण २८ अँपिअर. यांना (आमच्या) वाटत होतं मोठा घेतला तर काय बिघडतं, चार पैसे जास्त. तर त्याने सांगितलं की ऑफ सीझनला रात्री तुमचा लोड तीन-चार किलोवॅट असणार, मोठं डिझेल इंजिन इतक्या कमी लोडवर तासन् तास चाललं की डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळा चिकट थर साचतो, धूर वाढतो आणि इंजिन लवकर दुरुस्तीला येतं. जनरेटर निदान तिसरा हिस्सा तरी लोडवर पळाला पाहिजे. डीलर हे सांगत नाही, सांगेल कशाला.

खरी मेहनत त्याने घेतली ती बोर्ड वेगळे करण्यात. गिझर आणि बाहेरचे मोठे फ्लडलाईट एका बोर्डवर, ते फक्त महावितरणच्या सप्लायवर. बाकी दुसऱ्या बोर्डवर, आणि सिंगल फेजचे सगळे लोड तिन्ही फेजवर सारखे वाटून, कारण आधीच्या वायरमनने चार एसी एकाच फेजवर टाकून ठेवले होते आणि ते कुणाला माहीतच नव्हतं. पंपाचं गणितही त्यानेच काढलं, चालू झाल्यावर सहा-सात अँपिअर घेणारा पंप स्टार्ट होताना त्याच्या पाच-सहा पट ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज खाली बसतं आणि एसी बंद पडतात. म्हणून टायमर लावलाय, जनरेटर सुरू झाला की आधी पंप आणि फ्रीझर, एसी नंतर.

आता चेंजओव्हर, म्हणजे लाईनवरून जनरेटरवर आणि परत बदलणं. आमच्याकडे वाडीत अजून काही जण छोटा पेट्रोल जनरेटर दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतात, मेन स्विच पाडला की झालं म्हणे. मेन पाडायचं एकदा विसरलात की तुमच्या घरातले २३० व्होल्ट मीटरमधून उलटे डीपीवर जातात आणि तोच ट्रान्सफॉर्मर त्यांचे ११ हजार करून लाईनवर सोडतो, आणि पावसात त्या लाईनवर कोणीतरी वायरमन चढलेला असतो. हा माणूस या एका गोष्टीवर आवाज चढवून बोलला, एरवी अगदी मवाळ. आम्हाला त्याने एएमएफ पॅनल (लाईट गेली की जनरेटर आपोआप चालू करणारं) दिलं, त्यात दोन्ही कॉन्टॅक्टर (लाईनचा आणि जनरेटरचा मोठा स्विच) एका वेळी लागूच शकत नाहीत असं मेकॅनिकल इंटरलॉक, आणि बदलताना चारही वायरी सुटतात, म्हणजे तिन्ही फेज न्यूट्रलसकट. तीनपैकी एक फेज गेली तरी पॅनलला कळतं आणि जनरेटर आपोआप घेतो. लाईट परत आली तरी लगेच बदलत नाही, तीन मिनिटं थांबतो, कारण इकडे लाईट एका फटक्यात येत नाही, दोन-तीनदा डोकावून जाते.

महावितरणचा न्यूट्रल असा सुटतो म्हणजे मग जनरेटरच्या न्यूट्रलला स्वतःचं अर्थिंग हवं, आणि इथेच बिल वाढलं. चार खड्डे काढले, दोन न्यूट्रलचे, दोन बॉडीचे. आमचे हे तर कोटेशन बघूनच वैतागले, चार कशाला, आणि खाली सगळा जांभा, ब्रेकर लावून खणावं लागलं. पण काम संपल्यावर त्याने जनरेटर चालू ठेवून टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला लावली आणि आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की सप्लाय तोडणारा स्विच) फटकन पडला. म्हणाला न्यूट्रलचं अर्थिंग नसतं तर हा पडलाच नसता, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, बटण तसंही चालतं. हे बघितल्यावर यांनी बिलावर काही बोलणं सोडलं. मे महिन्यात जमीन सुकली की खड्ड्यात पाणी घाला आणि अर्थ टेस्टरने परत मोजून घ्या असंही सांगून गेलाय. खारी हवा आहे म्हणून साधी जीआय पट्टी न वापरता तांब्याची वापरली, पैसे गेले पण शेजारच्या रिसॉर्टवरची गंजून भुगा झालेली पट्टी मी स्वतः बघितलीय.

जागाही त्यानेच ठरवली. आम्हाला तो मागच्या पडवीला चिकटून हवा होता, त्याने कंपाउंडच्या कोपऱ्यात आरसीसीचा ओटा बांधायला लावला, जमिनीपासून वर, पाणी साचू नये म्हणून. रेडिएटरची गरम हवा पावसाळी वाऱ्याच्या उलट तोंडाला येऊ नये आणि धूर खोल्यांकडे जाऊ नये असं बघितलं. धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ इतकी जास्त लागते, म्हणजे २० केव्हीएला जवळपास ९० सेंटिमीटर. बोर्डपर्यंत ३५ मीटर अंतर झालं, त्याला १६ स्क्वेअर एमएमची फोर कोर आर्मर्ड केबल, खाली वाळू, वर विटा, आणि पॅनलची कंट्रोल केबल वेगळी. सायलेंट कॅनोपी म्हणजे आवाजच नाही असं समजू नका हां, नियम एक मीटरवर ७५ डेसिबलचा आहे, शांत रात्री ते चांगलंच ऐकू येतं. आणि नवीन घेत असाल तर १ जुलै २०२३ पासूनचे सीपीसीबी फोर प्लसचे (केंद्रीय प्रदूषण मंडळाचे, जनरेटरच्या धुराचे) नियम लागू आहेत, जुन्या स्टॉकचा स्वस्त माल कोणी गळ्यात मारत असेल तर कागद बघा.

आमच्याकडे सोलर नाही, पण पुढे ऑन ग्रिड सोलर टाकणार असाल तर आधी मला सांगा म्हणाला, कारण तो इन्व्हर्टर जनरेटरलाच लाईन समजून त्यात उलटी वीज ढकलू शकतो, त्याचं इंटरलॉक वेगळं करावं लागतं.

आता तक्रारी. सांगितलेल्या तारखेला काम कधीच सुरू होत नाही, गणपतीच्या आधी देतो म्हणाला आणि दिवाळी उजाडली. फोन संध्याकाळी आठनंतरच उचलतो. केबलचा चर भरून दिला पण पावसात बसला, माती आम्ही आणून टाकली, आणि त्याच्या पोरांनी बागेचा पाण्याचा पाईप फोडला तो जोडून दिला नाही. सगळ्यात राग आला तो लेबलांचा, एवढं सुरेख पॅनल आणि एमसीबीवर नावं काय तर मार्कर पेनने, चार महिन्यांत पुसली, आता कुठला एसी कुठला ते मीच चिकटपट्टीवर लिहून लावलंय.

प्लॅनिंगचे आणि ड्रॉइंगचे पैसे तो वेगळे घेतो, काम त्याला दिलं तर बिलातून वजा करतो. विद्युत निरीक्षकाकडचे कागद आणि टेस्ट रिपोर्ट त्यानेच बघितले, आम्हाला फक्त सह्या. ऑइल, फिल्टर वगैरे सर्व्हिस तो करत नाही, ती डीलरकडूनच. पाचपैकी चार स्टार, पाचवा लेबलं छापून आणेल त्या दिवशी देईन.