सातपूरमधली विशेष मुलांची कार्यशाळा: वर्षभराचा कोर्स कसा आहे?

स्वमग्न, गतिमंद किंवा अध्ययन अक्षमता असलेलं मूल शाळेतून बाहेर पडलं की पुढे बहुतेक ठिकाणी पणत्या रंगवणं आणि कागदी पिशव्या चिकटवणं एवढंच वाट्याला येतं. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात चालणारा हा कोर्स तसा नाही, म्हणून जरा सविस्तर. कामं दोनच शिकवतात: चिवड्याचं पॅकिंग आणि नट-बोल्टची पाकिटं भरणं.

चिवड्याच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाचे सात टप्पे पाडलेत. पिशवी काट्यावर ठेवायची, टेअरचं, म्हणजे काटा शून्यावर आणायचं, बटण दाबायचं, नरसाळ्यातून चिवडा ओतायचा, आकडा बघायचा, पिशवीचं तोंड पुसायचं, सील करायचं, दाबून बघायचं. शिकवतात मात्र मागून पुढे. सुरुवातीला सहा टप्पे शिकवणाऱ्या ताई करतात, मुलगा फक्त पाकीट दाबून बघतो आणि खोक्यात टाकतो. ते जमलं की सील करणं त्याच्याकडे येतं, मग पुसणं. पहिल्या दिवसापासून तयार माल त्याच्या हातून खोक्यात पडतो, हा यातला फायदा. पुढून शिकवलं तर पिशवी उघडून दिली की ती दुसऱ्याकडे जाते आणि आपण नक्की काय केलं, हे मुलाला कळतच नाही.

खरी करामत काट्यापाशी आहे. दोनशे म्हणजे दोनशेच असं धरणारी मुलं पोह्याचा एकेक दाणा काढत-घालत पाच-पाच मिनिटं घालवतात. इथे काट्याशेजारी हिरवं कार्ड लावलंय: २००, २०१, २०२, २०३, २०४. यातला आकडा दिसला की पुढे जायचं. १९९ कार्डावर नाही, कारण छापील वजनापेक्षा कमी माल भरून चालत नाही. टेअर दाबायचं राहिलं तर पिशवीचं वजन चिवड्यात धरलं जातं आणि पाकीट तेवढं हलकं भरतं, म्हणून त्या बटणावर चक्क लाल टिकली चिकटवलीय. सीलिंग मशीनचा दिवा विझल्या विझल्या दांडा उचलला तर प्लॅस्टिक गरम असतं आणि जोड सुटतो; दिवा विझल्यावर तीन आकडे मोजायला लावतात. शेवेचा एक कण तोंडाशी राहिला तरी तिथून हवा जाते आणि चिवडा सादळतो. पुसणं हा वेगळा टप्पा ठेवलाय तो यासाठीच.

नट-बोल्टच्या टेबलावर खाचांचा लाकडी ठोकळा आहे. खाच रिकामी दिसली तर माल कमी, हातात उरला तर जास्त. आकडे न येणाऱ्यालाही हे काम बिनचूक जमतं.

ताई चुकीवर लगेच बोलत नाहीत. मनात पाच मोजतात, मग बोट दाखवतात, अगदीच अडलं तर हात धरतात. उभ्या राहतात त्याही मागे, कारण समोर उभं राहिलं की मुलं कामाऐवजी चेहरा वाचत बसतात. ‘शाब्बास’ मात्र दर पाकिटाला होतं. कारखान्यातला सुपरवायझर काही तसं म्हणणार नाही. ती दाद पाच पाकिटांवर, मग वीस पाकिटांवर न्यायला हवी.

बसचा सराव हाही कोर्सचाच भाग आहे आणि तो उत्तम घेतात. सिटीलिंकच्या, म्हणजे नाशिकच्या शहर बससेवेच्या, बसमध्ये ताई आधी शेजारी, मग दोन सीट मागे बसतात, शेवटी थेट उतरायच्या थांब्यावर उभ्या राहतात. उतरायची खूण म्हणून जाहिरातीचा फलक धरू देत नाहीत. तो बदलला की मुलगा पुढे निघून जातो. एबीबी सर्कलचा चौक काही जागचा हलत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. दिवाळीआधी स्टॉलसाठी सगळ्यांना पणत्यांवर बसवतात आणि पॅकिंगचं शिकवणं थांबतं. पाकिटं विकली जातात, पण मुलांना मिळतं ते ‘बक्षीस’. नग मोजून वहीत लिहावेत आणि हिशेबाने पैसे मुलाच्या खात्यात टाकावेत. चित्रांच्या वेळापत्रकात ‘आज बदल’ असं कार्डच नाही. वीज गेली, सीलिंग बंद पडलं की दोन-तीन मुलं सैरभैर होतात. शेजारच्या गाळ्यात प्रेस मशीनचा आवाज असतो, तो अडवणारे कानावरचे मफ घरून न्यावे लागतात.

सगळ्यात मोठी उणीव शेवटी आहे. कामावर लागल्यावर ताई तीनच दिवस सोबत जातात, पुढे फोन. कार्यशाळेत जमलेलं काम नव्या जागी आपोआप जमत नाही: टेबल वेगळं, काटा वेगळा, टिकली नाही. पहिले काही आठवडे रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा असं जायला हवं. ठोकळा आणि हिरवं कार्ड मुलासोबत कारखान्यात न्यायची परवानगीही ताईंनीच आधी काढून ठेवावी.

कागदपत्रांची माहिती इथे बरी देतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे. त्यात स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता येते, पण नुसती अध्ययन अक्षमता येत नाही. प्रवेशाच्या वेळी हे कोणी स्पष्ट करत नाही, आपणच विचारायचं.

बघायला जाणार असाल तर सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळं पाहुण्यांसाठी मांडलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीनंतर जा आणि परातीतला चिवडा संपल्यावर नवा आणायला कोण उठतं ते बघा, मुलगा की ताई.