स्नोशू ससा बघायला कुठे जायचं: डेनाली, कोलोरॅडो की अल्गॉन्क्विन?

स्नोशू म्हणजे उत्तर अमेरिकेतला, हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी पांढरा होणारा ससा. पहिले एक सांगते, पार्कचं नाव बघून जागा ठरवू नका, तिथलं गचपण बघा. हा ससा बिळात राहत नाही, लिंक्स (मोठं रानमांजर), कायोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद), घुबड सगळेच त्याच्या मागे, त्यामुळे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या किंवा विलो-अल्डरची दाट झुडपं असतील तिथेच तो सापडतो. उंच झाडांचं, खालून मोकळं असलेलं जुनं जंगल फोटोला भारी, पण सशाच्या काही कामाचं नाही.

डेनाली हे अलास्कातलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे त्याच्या रेंजचा अगदी गाभा, अलास्कापासून पार कॅनडाच्या पूर्वेच्या लॅब्राडोरपर्यंत पसरलेला बोरियल, म्हणजे उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांचा पट्टा. पण उत्तरेकडे यांची संख्या साधारण 8 ते 11 वर्षांच्या चक्रात वर-खाली होते, आणि थोडीथोडकी नाही, कित्येक पटींनी. भरतीच्या वर्षी संध्याकाळी रस्त्याच्या कडेलाच दिसतील, ओहोटीच्या वर्षी आठवडाभर हिंडूनही एखादा दिसला तर नशीब. एवढा खर्च करणार असाल तर बुकिंगच्या आधी पार्कच्या लोकांना विचाराच, की यंदा ससे कसे आहेत.

कोलोरॅडोत चक्र एवढं तीव्र नाही, पण तिथे हा ससा फक्त उंचावरच्या स्प्रूस-फर झाडांच्या तुकड्यातुकड्यांत असतो, खाली उतरलात की माउंटन कॉटनटेल हा दुसऱ्याच जातीचा ससा दिसतो आणि लोक त्यालाच स्नोशू समजून खूश होतात. मागचे पाय बघा, स्नोशूचे लांब आणि पसरट असतात. 1999 पासून राज्याने तिथे लिंक्स परत आणून सोडले, ते मुख्यतः याच सशांवर जगतात. डोंगर चढायची हौस असेल तर मस्त, लहान मुलांना घेऊन मात्र मी नाही जाणार.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कला. टोरोंटोहून गाडीने साधारण तीन तास, हायवे 60 हिवाळ्यातही चालू असतो, आणि ससा नाही दिसला तरी खुणा भरपूर. बर्फात मागच्या दोन मोठ्या पावलांचे ठसे पुढच्या पायांच्याही पुढे पडलेले असतात, आणि बारीक फांद्या चाकूने तिरक्या कापल्यासारख्या दिसतात, हरणाने खाल्लेली फांदी मात्र फाटल्यासारखी असते कारण त्याला वरचे पुढचे दात नसतात. अशी ताजी खूण दिसली की तिथेच थांबा, पहाटे किंवा अंधार पडताना, आणि हलू नका.

आता कधी जायचं. सशाचा रंग (उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा) दिवसाच्या लांबीप्रमाणे बदलतो, बर्फ पडो न पडो, म्हणून नोव्हेंबर नाहीतर एप्रिलमध्ये तपकिरी जमिनीवर पांढरा ससा लांबूनही दिसतो, अर्थात लिंक्सलाही, तेव्हा त्याला पळवत बसू नका. पूर्ण पांढरा, फक्त कानांची टोकं काळी असा हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा, आणि वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या किनाऱ्याकडे त्यासाठी जाऊ नका, तिथले बरेचसे ससे हिवाळाभर तपकिरीच राहतात.