टॅलीच्या स्टोअर एंट्रीचं ट्रेनिंग बनवून घेतलं, त्याचा रिव्ह्यू (लांबलाय, चहा घेऊन बसा)

आधीच सांगते, नाव कुणाचंच टाकत नाहीये. ज्या मॅडमनी चांगलं काम केलं त्या एकट्याच काम करतात आणि त्यांना मी विचारलेलं नाही, आणि ज्यांनी त्याआधी आमचे पैसे घेऊन वाट लावली त्यांचं नाव टाकून मला उगाच भांडण ओढवून घ्यायचं नाहीये. पण कुणी ऑफिससाठी सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग करून घेणार असेल तर हे वाचा, पैसे वाचतील.

आमचं भोसरी एमआयडीसीत मशिनिंगच्या जॉबवर्कचं युनिट आहे, चाळीसेक माणसं. मी अकाउंट्स बघते, आणि अकाउंट्स बघते म्हणजे कॉम्प्युटरचं जे काही अडेल ते माझ्याच गळ्यात. माल गेटवर आला की स्टोअरवाल्यांनी तिथल्या तिथे टॅलीत (आमचं हिशेब नि स्टॉकचं सॉफ्टवेअर) रिसीट नोट, म्हणजे माल आल्याची नोंद, टाकायची आणि बिल आलं की आम्ही ते परचेसला घ्यायचं, एवढंच हवं होतं. आतापर्यंत स्टोअरचे काका रजिस्टरला लिहायचे आणि आम्ही आठवड्याने त्यांच्या अक्षरावर डोळे फोडत बसायचो.

तर गेल्या वर्षी एका ट्रेनिंग कंपनीला बोलावलं. दोन दिवस, एसी हॉल, प्रोजेक्टर, स्पायरल बाइंडिंगचं पुस्तक, दुपारी गुलाबजामसकट थाळी. शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतले, सगळ्यांनी पाचपैकी पाच, एकाने तर 'सूचना' या रकान्यात "जेवण छान होतं" असं लिहिलेलं. साहेब खूष. सोमवारी टेम्पो आला, काकांनी स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं. आणि महिनाअखेरीला स्टॉक काढला तर ६२०४ नंबरचे ५० बेअरिंग आणलेले, टॅली म्हणतंय १००.

हे का झालं ते सांगते कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे. रिसीट नोट टाकली की तिला ट्रॅकिंग नंबर लागतो, आणि परचेसचं बिल टाकताना तोच नंबर निवडला तरच टॅलीला कळतं की हा तोच माल आहे. तिथे यादीत 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' असाही पर्याय असतो. तो घेतला की टॅली बिचारं समजतं की आणखी ५० आले. स्टॉक डबल, आणि वर ती रिसीट नोट 'बिल पेंडिंग'मध्ये लटकून राहते ती वेगळीच. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये यावर एक स्लाइड होती. एक. जेवणानंतरची पहिली, म्हणजे समजून घ्या.

मग ओळखीतून या मॅडम मिळाल्या. पहिल्या फोनवर त्यांनी माणसं किती, हॉल आहे का, प्रोजेक्टर आहे का यातलं काही विचारलंच नाही. विचारलं, गेल्या तीन महिन्यांत कुठली चूक परत परत झाली, आणि तुमच्याकडे मालाबरोबर येणाऱ्या दोन-चार चलनांचे फोटो पाठवा. नंतर एक पान पाठवलं. वर लिहिलेलं 'फॉर्मेटिव्ह इव्हॅल्युएशन प्लॅन'. मी म्हटलं झालं, परत इंग्रजी कागद. पण आत साध्या गोष्टी होत्या: धड्याबद्दल आपल्याला काय कळून घ्यायचंय, ते कुणाकडून कळेल, कधी बसायचं, काय टिपायचं, आणि टिपलेल्यातलं काय बदलायचं हे ठरवणार कोण. माणसांची परीक्षा यात कुठेच नव्हती, परीक्षा धड्याची होती, तीही धडा अजून कच्चा असताना. हा फॉर्मेटिव्ह (कच्चं असतानाची तपासणी) आणि समेटिव्ह (पूर्ण झाल्यावरची) असा फरक मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकांनी १९६७ साली केला असं त्या म्हणाल्या, म्हणजे कल्पना काही कालची नाही, तरी आमच्या आधीच्या एसी हॉलवाल्यांना पत्ता नव्हता. किंवा असेल, पण कोण वेळ घालवतो.

साहेबांचा पहिला प्रश्न, धडा तयार नसताना तपासायचा काय? मॅडम म्हणाल्या भात शिजतोय तोवरच शीत चेपून बघतात ना, पानात वाढल्यावर बघून काय उपयोग. साहेब गप्प.

प्लॅनमध्ये पायऱ्या होत्या. आधी जाणकाराकडून तपासणी, म्हणजे आमच्या सीएंनी आणि मी धडा वाचून चुका काढायच्या. मग एकेकट्या तीन माणसांबरोबर बसणं. मग छोटा गट. आणि शेवटी प्रत्यक्ष काउंटरवर, खऱ्या टेम्पोच्या वेळी. एकेकट्याला बसवताना तीनच गोष्टी बघायच्या होत्या, समजतंय का, जमतंय का, आणि आपल्या जागी आपल्या मशीनवर तेवढ्या वेळात होतंय का. तीन माणसं कशी निवडायची तर एक सरावलेला, एक मधला आणि एक ज्याला कठीण जातं असा. मी पटकन नावं दिली, सरावलेला म्हणजे डिस्पॅचचा पोरगा, डिप्लोमावाला, आधीच्या नोकरीत टॅली ईआरपी ९, म्हणजे जुन्या टॅलीवर वर्षभर काम केलेला, मधल्या परचेसच्या ताई, आणि कठीण जाणारे अर्थातच काका. इथे मी तोंडावर आपटले, ते पुढे येतंच.

काकांचा पहिला दिवस. मॅडमनी स्वतःच्या लॅपटॉपवर टॅलीप्राइम (नवीन टॅली) एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्सशिवाय शिकण्यापुरतं चालतं तसं, लावलेलं. काकांनी चलनावरची १४ तारीख टाकली, घेईना. त्या मोडमध्ये तारखा फक्त १, २ आणि ३१ चालतात. काका म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे महिन्यात तीनच दिवस माल येतो का?" मॅडम हसल्या, पण वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या लायसन्सवाल्या मशीनवर डेटाचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून त्या कॉपीवर काम चालू केलं. (हे तुम्हीही करा. चालू डेटावर सराव म्हणजे आत्महत्या.)

दुसरी गोष्ट, माझ्याच लक्षात आली नसती. पहिल्या दिवशी मी कौतुकाने काकांच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. मॅडम काकांना म्हणत होत्या मनात जे येतंय ते बोलत बोलत करा, आणि काका एक अक्षर बोलेनात, प्रत्येक गोष्टीला "हो हो, समजलं." पंधरा मिनिटांनी मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ताई तुम्ही जरा केबिनमध्ये बसता का. मला राग आला खरं तर. पण मी गेल्यावर काका सुटले. म्हणे, या धड्यात 'पावती टीप' लिहिलंय ती स्क्रीनवर कुठेच नाहीये, मी मघापासून शोधतोय! आता झालेलं असं की मॅडमनी पहिल्या मसुद्यात मेनूची नावंसुद्धा शुद्ध मराठीत केली होती, आणि सीएंनी नि मी ते वाचून "वा, छान मराठी" म्हणून पास केलेलं. स्क्रीनवर रिसीट नोट दिसत असताना माणूस पावती टीप कुठून शोधणार? सगळी नावं परत स्क्रीनवर दिसतात तशी झाली. दोन जाणकारांनी जे पास केलं ते काकांनी वीस मिनिटांत नापास केलं.

मॅडमची एक सवय मला फार आवडली. "समजलं का" असं त्या एकदाही विचारत नाहीत. विचारतात, "आता पुढे कुठलं बटण दाबाल?" आणि मग गप्प. तो गप्पपणा बघणाऱ्याला असह्य होतो, मी असते तर हात पुढे करून दाबूनच दिलं असतं. त्यांच्याकडे एक तक्ता असायचा, कुठली पायरी, किती वेळ अडला, काय म्हणाला, मदत करावी लागली का. आणि नियम आधीच लिहून ठेवलेला की तिघांपैकी दोघं एकाच जागी अडले तर माणसाला पुन्हा समजावत बसायचं नाही, धड्यातली ती जागा बदलायची. हा नियम आधी ठरलेला होता म्हणून बरं, नाहीतर नंतर मी म्हणालेच असते की अहो त्यांचं लक्ष नव्हतं.

आणि आता आमचा हुशार पोरगा. त्याने धडा वाचलाच नाही, "येतं मला". खराब माल परत पाठवायची एंट्री करायला सांगितली, रिजेक्शन आउट. त्याने फाडकन ऑल्ट एफ ६ दाबलं, जुन्या ईआरपी ९ मध्ये तेच होतं. टॅलीप्राइममध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये जे नवीन आलं त्यात, ऑल्ट एफ ६ ला क्रेडिट नोट (आपण विकलेला माल परत आल्याची नोंद) उघडते, रिजेक्शन आउट कंट्रोल एफ ५ ला गेलंय. आणि तो त्या क्रेडिट नोटमध्ये सुखाने आकडे भरत बसला होता! तिघांत सगळ्यात कमी वेळ त्याला लागला आणि सगळ्यात मोठी चूकही त्याचीच. काका हळू होते पण प्रत्येक स्क्रीनचं वरचं नाव वाचून मगच पुढे जात होते. मग धड्याच्या सुरुवातीलाच एक चौकट आली, जुनं टॅली वापरलेल्यांनी आधी हे वाचा, आणि प्रत्येक पायरीला 'वर काय नाव दिसतंय ते बघा'. तेव्हापासून मी कुणाला 'कच्चा' म्हणायच्या आधी दोनदा विचार करते.

ट्रॅकिंग नंबरच्या जागी दोघं अडले, ताई आणि पोरगा. नियमाप्रमाणे जागा बदलली. नुसतं समजावणं काढून टाकलं आणि तिथे सरावच ठेवला: ५० बेअरिंगची रिसीट नोट टाका, मग मुद्दाम 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' घेऊन बिल टाका, मग स्टॉक समरी उघडून बघा. १०० दिसले की माणूस दचकतो. मग ते बिल उघडून नंबर लावा, परत बघा, ५०. ताई म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे गेल्या वर्षी मीच..." आणि पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

छोट्या गटाची मात्र गंमत झाली. पद्धतीप्रमाणे आठ ते वीस माणसं हवीत म्हणे. आमच्याकडे टॅलीला हात लावणारी माणसं सहा, त्यातली तीन आधीच वापरून झालेली! चाकणच्या आमच्याच दुसऱ्या युनिटमधून पाच जण मागवले, आणि बसायचा दिवस ठरला गुरुवार. एमआयडीसीत ज्यांनी काम केलंय त्यांना कळलं असेल, आमची आठवड्याची सुट्टी गुरुवारची असते. लोक तोंडं वाकडी करून आले. मॅडमनी मला विचारलं होतं, मीच हो म्हटलं, त्यामुळे यात अर्धी चूक माझी. पण त्या दिवसाचे निकाल मला अजून पूर्ण पटत नाहीत, सुट्टीच्या दिवशी बोलावलेला माणूस घाईच करणार. एक कामाची गोष्ट तरी निघाली, ईएन ८ स्टीलचा राउंड बार बिलावर किलोत येतो आणि आमचं स्टोअर तो नगात मोजतं, चाकणच्या एकाने २५० किलोच्या जागी २५० नग टाकले. धड्यात याचं उदाहरणच नव्हतं. आता आहे.

काउंटरवरची शेवटची फेरी एकाच दिवसाची झाली, आणि ही माझी खरी तक्रार आहे. टेम्पोवाला हॉर्न मारतोय, वॉचमन चलन नाचवतोय, अशात काकांनी एंट्री केली, छान. पण महिनाअखेरची गर्दी कुणी बघितलीच नाही. मी म्हटलं तेव्हा मॅडम म्हणाल्या ते प्लॅनमध्ये धरलं नव्हतं, त्याचे वेगळे पैसे लागतील. बरोबर असेल त्यांचं, पण सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. दुसरी तक्रार व्हिडिओची. तो त्यांनी लवकर रेकॉर्ड केला आणि नंतर बदल फक्त कागदावर केले, त्यामुळे व्हिडिओत अजून 'पावती टीप' ऐकू येतं. आम्ही तो व्हिडिओ दाखवत नाही. आणि वेळ. आधीचे लोक दोन दिवसांत गेले, यांना तीन आठवडे लागले आणि पैसे जवळजवळ दीडपट. साहेबांना हे पचवायला मला बेअरिंगची गोष्ट दोनदा सांगावी लागली.

फीडबॅक फॉर्म शेवटी होता, पण अर्धं पान, आणि त्यात जेवण कसं होतं हे नव्हतं. जेवणही नव्हतं म्हणा, वडापाव होता.

पाचपैकी चार देते. एक कापला तो व्हिडिओ आणि महिनाअखेर मिळून. दिवाळीनंतर ई-वे बिलाचा धडा यांच्याकडूनच बनवून घेणार आहे, यावेळी व्हिडिओ शेवटी आणि गुरुवार सोडून, हे दोन्ही कोटेशनमध्ये लिहून घेतलंय. काकांना सांगितलं तर म्हणाले, "चालेल, पण पहिल्या दिवशी तुम्ही मागे बसायचं नाही."