राज्यघटनांची तुलना शिकवणारा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

‘संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतला फरक सांगा.’ दोन रकाने, पाच-पाच मुद्दे, पैकीच्या पैकी गुण. नागरिकशास्त्र शिकवताना मला या रकान्यांचा अगदी वीट आला होता, म्हणून जगभरच्या राज्यघटना शेजारी शेजारी ठेवून शिकवणारा हा कोर्स घेतला. इथे प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारतात: गाडं अडलं, तर पुढे काय?

जर्मनीवरचं व्याख्यान सगळ्यात सरस. सप्टेंबर १९३२ मध्ये जर्मन संसदेत चान्सलर (सरकारप्रमुख) पापेन यांच्या सरकारविरुद्ध ५१२, तर बाजूने फक्त ४२ मतं पडली. नाझी आणि कम्युनिस्ट दोघांनाही सरकार पाडायचं होतं, पण मिळून चालवायचं नव्हतं. म्हणून १९४९ च्या घटनेत कलम ६७ आलं: चान्सलरला हटवायचं असेल, तर त्याच ठरावात नवा चान्सलर बहुमताने निवडून द्या. १९७२ मध्ये विरोधी पक्षनेते बार्झेल यांना २४९ मतं हवी होती, २४७ मिळाली, आणि चान्सलर ब्रांट पदावर राहिले. १९८२ मध्ये चान्सलर श्मिट गेले आणि त्याच मतदानाने कोल आले. हे ऐकल्यावर अविश्वास ठराव शिकवायची माझी पद्धतच बदलली.

गटकार्यही तितकंच कसदार. तीन भाषिक समूहांच्या एका काल्पनिक देशाची घटना लिहायची होती. एका गटाने सर्वांत लहान समूहाला प्रत्येक विधेयकावर नकाराधिकार दिला. हेतू चांगलाच होता. मग सरांनी विचारलं, “अंदाजपत्रक अडवलं तर शिक्षकांचे पगार कुठून देणार?” गट गप्प. तेव्हा त्यांनी बेल्जियमच्या घटनेचं कलम ५४ पडद्यावर दाखवलं. एखाद्या भाषिक गटाच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी हरकत घेतली की विधेयक थांबतं, मंत्रिमंडळाला तीस दिवसांत आपलं मत द्यावं लागतं. पण अंदाजपत्रकाला ही हरकत लागू नाही. त्या एका अपवादात किती विचार आहे!

स्वित्झर्लंडच्या पाठात मात्र ‘गाडं अडलं तर?’ हाच प्रश्न गळून पडला, आणि ही मोठी उणीव आहे. एक लाख सह्या गोळा केल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट लोकांपुढे जातो, हे सांगताना वक्ते भारावलेले. पण १९५९ च्या सार्वमतात तिथल्या पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार नाकारला, राष्ट्रीय पातळीवर तो १९७१ मध्ये मिळाला आणि आपेनझेल इनररोडेन या कँटनला (घटक राज्याला) तो आपल्या स्थानिक मतदानात १९९० मध्ये न्यायालयाने द्यायला लावला, याचा उल्लेखही नाही. ज्यांना मतच नाही त्यांनी सार्वमत कसं जिंकायचं? निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी बहुमताला रोखावं का, हा वाद समजावायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आपल्या घटना समितीतली चर्चाही दोन मिनिटांत उरकली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी स्थैर्य आणि जबाबदारी यांपैकी जबाबदारीला झुकतं माप का दिलं, ते स्पष्ट सांगितलं होतं: अध्यक्षीय पद्धतीत सरकारची झडती ठरावीक काळाने होते, संसदीय पद्धतीत रोज होते, प्रश्न, ठराव आणि चर्चांमधून. जर्मनीचं कलम ६७ या भाषणाच्या शेजारी ठेवून शिकवलं असतं, तर एकाच काळात दोन देशांनी वेगवेगळ्या भीतीपोटी काय निवडलं, ते लख्ख दिसलं असतं.

चाचण्या सुमार आहेत, सनावळीच विचारतात. उपशीर्षकं नीट आहेत, आवाज स्वच्छ आहे. शिक्षकांनी आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोर्स जरूर घ्यावा, आणि गटकार्य टाळू नये. वेळ थोडा असेल तर जर्मनीपासून सुरुवात करा. स्वित्झर्लंडचा पाठ ऐकण्याआधी तिथल्या स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास वाचून घ्या.