साताऱ्याच्या वकील मॅडम, दत्तक गेलेल्यांनी वारसाच्या कामासाठी जरूर भेटा

5 पैकी 4 स्टार देतेय, एक का कापला ते खाली लिहिते. आधी माझी केस सांगते म्हणजे अशा परिस्थितीतल्या कुणाला तरी उपयोग होईल.

माझी आई मी दोन वर्षांची असताना वारली. कोरेगावच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि 1989 साली मला मामा-मामींनी रीतसर दत्तक घेतलं, रजिस्टर दत्तकपत्र आहे. माझ्यासाठी आई-बाबा म्हणजे मामा-मामीच. वडिलांशी नंतर संबंध असा राहिलाच नाही, माझ्या लग्नाची पत्रिका गेली होती पण ते आले नाहीत. 2023 ला ते गेले तेसुद्धा आम्हाला आठ दिवसांनी कळलं.

मग नातेवाईक सुरू झाले, मुलींना समान हक्क आहे, 2005 चा कायदा आहे, सोडू नकोस. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने (नाव लिहीत नाही) फोनवरच सांगितलं की वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हिस्सा आहे, दावा टाकू, आणि फाईल उघडायचे म्हणून 15 हजार घेतले. दत्तकपत्र बघायलासुद्धा मागितलं नाही त्याने. मी मूर्खपणा केला असं नाही म्हणणार, मला खरंच माहीत नव्हतं आणि त्या दिवसात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, वडील गेल्याचं रडू का येतंय तेच कळत नव्हतं.

वकील मॅडमकडे गेले तर त्यांचा पहिला प्रश्न, दत्तक रजिस्टर आहे का आणि तारीख काय. कागद वाचला आणि सरळ सांगितलं, ताई, वारस म्हणून तुमचा हक्क नाही. 1956 च्या दत्तक कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दत्तकाच्या तारखेपासून जन्माच्या घराशी नातं तुटतं, दत्तक जाण्याआधी जी मिळकत तुमच्या नावावर आली असेल तेवढीच तुमची राहते. मी विचारलं मग जन्माने मिळालेला हिस्सा? तर म्हणाल्या वाटणी न झालेला हिस्सा दत्तक जाताना सोबत येत नाही, मुंबई हायकोर्टाचा 1992 चा निकाल तसाच आहे, दावा टाकलात तर दहा वर्षं तारखा कराल आणि सावत्र भावांशी कायमचं वाकडं येईल. आणि हेही सांगितलं की नुसतं सांभाळायला ठेवलं असतं, विधी नाही कागद नाही काही नाही, तर मुलगी म्हणून तुम्ही पहिल्या वर्गातल्या वारस राहिला असता. सांभाळणं आणि दत्तक यातला हा फरक आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हता.

मी उठले होते निघायला. त्या म्हणाल्या बसा, मृत्युपत्र शोधलंय का? मला वाटलं आमच्याकडे कोण मृत्युपत्र करतंय. पण त्यांनी समजावलं की रजिस्टर मृत्युपत्राची नोंद दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार ऑफिसात) पुस्तक क्रमांक 3 मध्ये असते, माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्याशिवाय कुणाला नक्कल मिळत नाही, पण मृत्यूनंतर दाखला जोडून कुणीही अर्ज करू शकतं. शोध ऑफिसवालेच घेतात, आपल्याला पुस्तक चाळू देत नाहीत. त्यांनी कोरेगाव आणि सातारा दोन्हीकडे अर्ज टाकले.

साताऱ्याला निघालं. एसटीतून रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशाने घेतलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट वडिलांनी माझ्या नावाने लिहिलेला, जमीन आणि घर भावांना. आणि त्यात वाक्य होतं की थोरल्या मुलीला लहानपणी मेव्हण्याकडे दत्तक दिले आहे, तिचा कायद्याने हक्क राहिलेला नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहून ठेवत आहे. मॅडमच्या टेबलावर मी ते तीन वेळा वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत, पाणी ठेवलं समोर आणि पुढच्या पक्षकाराला बाहेर थांबायला सांगितलं. एक स्टार खरंतर त्या दहा मिनिटांचाच आहे.

अडचण पुढे आली. मृत्युपत्रात माझं जन्माचं नाव, वडिलांचं नाव आणि त्यांचं आडनाव, आधार कार्डावर मामांचं. दोन्ही बाई एकच कशावरून? तर पुरावा निघाला दत्तकपत्रच, त्यात जुनं नाव आणि नवीन नाव दोन्ही लिहिलेलं. ज्या कागदाने माझा हक्क गेला त्याच कागदाने प्लॉट मिळाला. मॅडमनी ते, मृत्युपत्राची नक्कल आणि हयात असलेल्या एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लावून फेरफारचा, म्हणजे सरकारी नोंदीत प्लॉट माझ्या नावावर करायचा, अर्ज दिला. नोटीस निघाली, मुदतीत धाकटा भाऊ हरकत घेईल अशी मला भीती होती, त्याने घेतली नाही. उलट नोंद मंजूर झाली त्या दिवशी फोन करून विचारलं, ताई प्लॉटला कुंपण घालायला कधी येताय. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ताई ऐकलं.

आता एक स्टार का कापला. ऑफिसमधला मुलगा फोन उचलत नाही, प्रतिज्ञापत्रात माझ्या नावाचं स्पेलिंग दोनदा चुकलं आणि त्यात तीन आठवडे गेले, बाहेरगावच्या माणसाला हे फार जड पडतं. फी मात्र सगळी आधी कागदावर लिहून दिली आणि तेवढीच घेतली.

जाताना मृत्यूचा दाखला आणि दत्तकपत्राची ओरिजिनल न्या, झेरॉक्स बघून मॅडम मत देत नाहीत. आमची ओरिजिनल आईने, म्हणजे मामीने, पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. मला मागायचा धीर होत नव्हता, तिला काय वाटेल म्हणून. तिनेच काढून दिली, माझ्यासोबत साताऱ्याला आली आणि मॅडमनी विचारल्यावर वडिलांची सही कुठली ते तिनेच बोट ठेवून दाखवलं.